हिरव्या दोऱ्याची जुडी

म्हैसूर,
दि. ११ नोव्हेंबर

सौ. देवीरम्मा यांस,

नंजुंडय्याचा नमस्कार. नंजुंडेश्वराच्या कृपेने इकडे ठीक आहे. तुम्ही, तुमचे यजमान आणि लेक भाग्या खुशाल असाल असं धरून चालतो.

कारखान्याच्या अंगणातला फणस यंदा तोडला; मुळं भिंतीत शिरली होती. आता अगरबत्त्या वाळवायला सावली उरली नाही. तायम्माचे गुडघे दुखतात, तरी मसाला कालवायला तीच बसते. देवीरम्मा असती तर मी केव्हाच उठले असते, असं ती मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणते. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला.

पण पत्र यासाठी लिहीत नाही. भाग्या तुम्हाला हे वाचून दाखवील, म्हणून दोन दिवस गुळमुळीत शब्द शोधत होतो. मग वाटलं, तिनंही ऐकावं.

तुम्ही आलात त्या पहिल्या आठवड्यात मी मालकांना सांगितलं होतं की या बाईचा हात हलका आहे, काडी एकसारखी वळते. मग एका सोमवारी बाजाराच्या कोपऱ्यावर तुम्ही यजमानांना डबा देताना दिसलात. ते चपला शिवत होते. मंगळवारी माल तपासताना तुमच्या जुडीला मला कातड्याचा वास आला.

खोटं सांगत नव्हतो. खरंच यायचा. प्रत्येकीच्या जुडीला तिच्या रंगाचा दोरा, तुमचा हिरवा; तो दिसला की यायचा. तुम्ही शिकेकाईनं हात धुऊन बसायला लागलात, तरी यायचा. ‘हिला वास आहे’ एवढंच म्हणून मी जुडी परत करायचो. कसला, ते मी कधी बोललो नाही आणि तुम्ही विचारलं नाही. बाकीच्या बायकांनी पाट लांब सरकवले. पुढे धास्तीनं तुमच्या काड्या खरोखरच जाडबारीक व्हायला लागल्या, आणि मी मनात म्हटलं, माझं नाक चुकत नाही. मसाला कालवायची तायम्माची जागा तुम्हाला द्यावी का, असं मालकांनी विचारलं तेव्हा मी नकाराची मान हलवली. तेवढंच. त्याच आठवड्यात तुम्ही काम सोडलंत.

जाताना दारात थांबून तुम्ही म्हणालात, “अण्णा, तुम्ही परत केलेल्या काड्या मी घरी देवापुढं लावते. त्याला कधी वास आला नाही.” मी पुढची जुडी तपासायला घेतली.

ऑपरेशननंतर एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यानं सगळं धुरकट दिसायचं. दसऱ्याचा नमुना ठरवायला मालकांनी कोठीत राहिलेल्या जुन्या पाच जुड्या घरी पाठवल्या. माझी गौरी एकेक काडी पेटवून समोर धरत होती. तिसरीला मी म्हटलं, हीच.

“हिरव्या दोऱ्याची, अप्पा.”

तुझी गल्लत झाली, म्हणालो. तिला जुड्या मागे-पुढे करायला लावल्या. दोनदा. दोन्ही वेळा हिरवीच निघाली.

पट्टी निघाल्यावर तीच जुडी हातात घेतली, दोरा पाहिला, आणि देवीरम्मा, कातड्याचा वास आला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर हे सांगितलं. मालक हसून म्हणाले, इतकं मनाला लावून घेतलं तर धंदा कसा चालायचा. तायम्मा हसली नाही. ती म्हणाली, “आम्हाला कुणालाच वास येत नव्हता, नंजुंडय्या. तुला येतो म्हणून आम्हीही ‘येतो’ म्हटलं.”

आता दोरे सगळे पांढरे. जुडी कुणाची, ते फक्त तायम्माला ठाऊक असतं. तिची जागा तुमची. मालकांनी शब्द दिला आहे. तुम्ही आलात तर तुमचं काम मी तपासणार नाही, ते तिच्याकडे राहील. नाही आलात तर का, हे कुणी विचारणार नाही. मी तर नाहीच.

कारखान्यात मी तुम्हाला कधी ‘अहो’ म्हटलं नाही, हे आज लिहिताना लक्षात आलं.

तुमच्या त्या जुडीतली एक काडी मी रोज पूजेला लावतो. अजून कधीकधी तो वास येतो. तेव्हा काडी विझवत नाही. तो जाईपर्यंत देवासमोर बसून राहतो.

तुमच्या काड्या परत करणारा,
नंजुंडय्या