महेंद्रच्या शेडमधलं इंजिन

३ जुलै, गुरु.

इंजिनाचा ब्लॉक आणि क्रँक धुळ्याच्या लेथवरून आले. महेंद्र एकटाच जाऊन घेऊन आला. ठरलं होतं रविवारी दोघांनी जायचं. दुकान सोडून एरवी हा माणूस नेरी नाक्यापर्यंत येत नाही, आणि आज ऐन गुरुवारी धुळे?

क्रँक गोणपाटात गुंडाळलेला होता. पुसून पाहिला. पाठवण्याआधी मी काउंटरवेटवर पंचने खूण मारली होती, ती नाही. म. म्हणाला, "घासली गेली असेल रे. नवाकोरा दिसतोय, बघ ना." नवाकोरा दिसतोय हीच तर गोम आहे. आमचाच घासून दिला की दुसऱ्याच कोणाचा गळ्यात मारला?

घरी बायकोला, वै.ला, सांगितलं. चिडली की तिला माहेरची असोद्याची बोली फुटते. "इंजिन त्याच्या घरी, गाडी त्याच्या नावावर, आन् झोप फक्त तुमची उडेल आहे." आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. इंजिन काय गॅलरीत तुळशीशेजारी ठेवू? गाडी सुरतहून भंगार म्हणून आणली तेव्हा शेड म.चं आणि हात माझे, असं ठरलं. शाळेपासूनचा मित्र, लिहून कशाला घ्यायचं.

५ जुलै

रजा टाकून धुळ्याला गेलो. म.ला कळवलं नाही.

लेथवाले नाना खुर्चीत बसून चहा बशीत ओतत होते. मी खुणेचं विचारलं तर हसले. "तुना क्रँक बठ्ठा बराबर शे, भाऊ. मी तुना क्रँक घर ली जाईसन काय करसू? तेन्हावर भाकरी भाजसू का?" मग समजावून सांगितलं: बॅलन्स करताना वजन कमी करायला भोक पाडावं लागलं, ते नेमकं खुणेवर आलं. माझ्याकडे क्रँकच्या मूळ नंबरचा फोटो होता. परत आलेल्या क्रँकवरचा नंबर काल शेडमध्ये उतरवून घेतला होता, तो नानांसमोर फोटोशी ताडून पाहिला. जुळतो. म्हणजे आपलाच.

उठता उठता नाना सहज म्हणाले, "तुना दोस्तसंगे आखो एक मानूस व्हता. इंजिनना फोटो काढी ऱ्हायंता."

कोण माणूस? कसले फोटो? बसमध्ये हेच डोक्यात. इंजिन विकायला काढलंय? गाडी बंद असली तरी सुपरचार्जरचं इंजिन म्हटल्यावर गिऱ्हाईक लागतंच. आणि मी मूर्खासारखा ते चकाचक करून देतोय.

९ जुलै

क्रँक बसवला. बेअरिंगच्या डब्यावरचं स्टिकर मला अस्सल वाटत नव्हतं, म्हणून आधी मोजून घेतलं. माप बरोबर निघालं. हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरला. म. पाने हातात देत होता.

आडून विचारलं, "धुळ्याला एकटाच गेला होतास?" "हो." मग बराच वेळ काहीतरी पुसत बसला. मग, "म्हणजे, साडू होता सोबत. त्याला शिरपूरला सोडायचं होतं." आधी हो, मग साडू. सरळ माणसाला साडू असा उशिरा आठवत नाही.

१३ जुलै, रवि.

पिस्टन घातले. रिंगची फट पुस्तकातल्यापेक्षा जराशी जास्त ठेवली. सुपरचार्जरने हवा दाबून भरली की रिंग तापून फुगते, टोकाला टोक भिडलं तर संपलंच. म. फट मोजायचं फीलर गेज घेऊन शेजारी उकिडवा बसलेला. शेवटचा पिस्टन गप्पकन आत गेला तेव्हा त्याने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा ब्लॉकवर पडला. दोघं पोट धरून हसलो. काकी, म्हणजे त्याची आई, काय झालं म्हणून बघायला आली.

आज खरंच मजा आली. साडूचा विषय काढला नाही.

१९ जुलै

सुपरचार्जर उघडला. आमच्या पाइपच्या कारखान्यात प्लास्टिकचे दाणे ओढायला असाच ब्लोअर आहे, फक्त दांडगा, म्हणून मी यालाही ब्लोअरच म्हणतो. दोन रोटर एकमेकांत फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. मधली फट केसाएवढी. साफ केला, तेल बदललं, हाताने फिरवला. गुळगुळीत. तोंड वर करून टेबलावर ठेवला.

उद्यापासून कारखान्यात शटडाउन. आठवडाभर इकडे फिरकता येणार नाही. चावी म.कडेच. असू दे, दुसरा इलाजही नाही.

२७ जुलै, रवि.

लिहून काढतो.

गेल्या गेल्या सवयीने ब्लोअरची पुली फिरवली. अर्धा फेरा गेली आणि अडकली. जरा जोर लावला, कचकन आवाज आला आणि घट्ट बसली. तोंडातून बॅटरी मारून पाहिलं तर आत कापड. पांढरं, मऊ, घड्या घालून पार खोल कोंबलेलं. ओढलं तर फाटून चिंध्या हातात आल्या. धागे शाफ्टला गुंडाळले जाऊन तेलाच्या सीलमध्ये शिरलेले. सील गेलं. असं सील जळगावात मिळणार नाही.

वाऱ्याने उडून कापड घड्या घालून आत जातं का? कोणीतरी हाताने घातलं. चावी एकाकडेच.

म. चहा घेऊन आला. मी चिंध्या त्याच्यासमोर धरल्या. "इंजिन विकायचं असेल तर तोंडावर सांग. चिंध्या कशाला कोंबतोस?" साडूचं काढलं, फोटोंचं काढलं, त्याच्या पाठीमागे धुळ्याला जाऊन आलो तेही बोलून गेलो. तो त्या चिंध्यांकडे बघत राहिला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. खिशातून शेडची चावी काढून टेबलावर ठेवली. "आजपासून तूच ठेव." आणि आत गेला.

चोर पकडला गेला की असाच गप्प होतो.

३ ऑगस्ट, रवि.

गेलो नाही. फोन नाही. त्याचाही नाही.

मुंबईत सील सापडलं, मागवलं. वै. म्हणते, "त्यानं काही केलं आसंन आसं मले वाटत नाई." हिला काय माहीत. चिंध्या मी काढल्या, हिने नाही.

रविवारी दुपारी करायला काहीच नव्हतं. टीव्ही पाहिला. या गावात मला दुसरा मित्र नाही हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं.

८ ऑगस्ट

सील आलं. म. दुकानावर असेल ती वेळ साधून शेडवर गेलो. चोरासारखा, माझ्याच चावीने.

सील बसवत होतो तर काकी पाण्याचा तांब्या घेऊन आली. जरा टेकली. म्हणाली, "प्रमोद, त्या मशीनचं तोंड असं उघडं टाकून जात जाऊ नको रे. पावसाळा आहे, किती किडा-मुंगी त्या भोकात पडते. उगाच जीव जातात बिचाऱ्यांचे. मी माझं पाणी गाळायचं फडकं नीट घडी करून आत बसवलं होतं. तू काढलंस का? मला दुसरं घ्यावं लागलं."

पाना टेबलावर ठेवला.

लहानपणापासून या घरात पाणी पितो आहे. माठाच्या तोंडावर हे असंच फडकं. जैनांचं घर; गाळून झालं की फडक्यावर उरलेलं पाणी ती जिथलं तिथे परत सोडते, त्यातल्या बारीक जिवांसकट. मी ते कापड हातात घेतलं, नाकाजवळ नेऊन वाससुद्धा घेतला, आणि ओळखलं नाही. मला घातपात दिसला.

कसंबसं विचारलं, "महेंद्रला माहीत होतं?"

"त्यालाच तर म्हटलं होतं, प्रमोदला सांग म्हणून. विसरला असेल. त्या आठवड्यात शिरपूरचे साडूभाऊ आले होते ना मुक्कामाला, त्यांना सारखं ते इंजिनच दाखवत होता. तुझंच कौतुक चाललं होतं."

म्हणजे चिंध्या पाहिल्या त्याच क्षणी त्याला कळलं. 'आईने ठेवलं' इतकंच म्हणायचं होतं. का म्हणाला नाही? माझ्या त्या आवाजापुढे आईचं नाव नको वाटलं? की मी कुठवर जातो ते बघत होता? काकीला मात्र त्याने काहीच सांगितलेलं नाही, नाहीतर तिने मला पाणी दिलं नसतं.

१५ ऑगस्ट

सुटीचा दिवस, तरी त्याचं भांड्यांचं दुकान अर्धं शटर वर करून चालू. गेलो. "बस," म्हणाला. चहा मागवला. गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टी दाखवत होता. मी घरून वाक्य जुळवून नेलं होतं. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं आलं. ते गेलं तेव्हा मी म्हणालो, "यंदा कापसाला पाऊस बरा आहे." माझी एक एकर शेती नाही आणि मी कापसाचं बोललो.

निघताना सांगितलं, "ब्लोअर झाला. इंजिन गाडीत चढवलं की झालंच. सुरू करू तेव्हा ये."

"बघू."

आता या 'बघू'चा अर्थ काय लावायचा? वैतागलेला, की नुसताच दमलेला? रस्ताभर तेच.

२३ ऑगस्ट, शनि.

कारखान्यातल्या दोघांना घेऊन इंजिन गाडीत उतरवलं. वायरिंग, पाणी, तेल, सगळं झालं. स्टार्टरने नुसतं फिरवून पाहिलं, तेलाचा दाब आला. आता फक्त चावी मारायची. म. शेडकडे आला नाही. त्यांचे पर्युषणाचे दिवस आहेत. सकाळी जैन स्थानकात, मग दुकान. काकी म्हणाली, "हे आठ दिवस आवाज नको करू बाबा." बरंच झालं. त्याच्याशिवाय सुरू करायचं धाडस होत नाही, आणि तसं कबूल करायचंही धाडस होत नाही.

वै.: "एकडाव माफी मांगून टाका ना. काय झिजते?"

झिजत काही नाही. पण त्याने ती नाकारली तर?

२८ ऑगस्ट

काल पर्युषण संपलं, त्यांची संवत्सरी झाली. संध्याकाळी म.चा मेसेज आला. जोडलेल्या हातांचं चित्र आणि खाली 'वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने आपलं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.' दरवर्षी येतो. दरवर्षी मी अंगठा पाठवतो. काल तो मेसेज मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. वर 'फॉरवर्डेड' असं लिहिलेलं. वै.लाही त्याच्या बायकोकडून तोच आलेला. म्हणजे सगळ्या गावाला पाठवला. मला वेगळा नाही. पण सगळ्या गावाला पाठवताना त्याला माझं नाव वगळताही आलं असतं, ते वगळलं नाही. की यादीत होतं म्हणून गेलं? अंगठा पाठवला नाही. काहीच पाठवलं नाही.

आज सकाळी घरी गेलो. उपवास सोडून तो ओट्यावर बसला होता. पांढरे कपडे, चेहरा उतरलेला. भेटायला येणारे येत होते. तो प्रत्येकासाठी उठत होता, हात जोडत होता, मिच्छामि दुक्कडम्, समोरचाही तेच म्हणत होता, मग पुढचा. मी रांगेत लागल्यासारखा उभा. मनात एकच: आज माफी मागून टाकायची, कोणी ऐकलं तर ऐकू दे.

माझी पाळी आली. तो उठला. हात जोडले. डोळ्यांत पाहिलं, की मला तसं वाटलं. "मिच्छामि दुक्कडम्, प्रमोद."

काही न केलेल्या माणसाने आधी माफी मागितली. मी फक्त तेच दोन शब्द परत म्हणायचे होते. सगळे म्हणत होते. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"हे सगळ्यांना म्हणतोस तेच, की मला वेगळं?"

त्याने हात खाली घेतले नाहीत. हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला,

"तुला कुठलं पाहिजे?"

मागे माणसं थांबलेली होती. बाजूला झालो, चपला घातल्या आणि शेडकडे न बघता घरी आलो. दुपारचे चार वाजलेत. मला कुठलं पाहिजे ते अजून ठरत नाही.