बिनमातीची कुंडी

वारूळवाडी
२० सप्टेंबर २००४

चि. नीलम,

सज्जनताईचा जय जिनेंद्र आणि संवत्सरीचा खमतखामणा. वर्षभरात माझ्या तोंडून काही लागलं असेल तर पोटात घाल. मंचरला पाऊस आहे का? संयमला झोप लागत नाही असं लिहिलंस, तेव्हापासून त्या लेकरासाठी माझा जीव थाऱ्यावर नाही.

इथे नर्सरीतली रोपं जोमात आहेत. तुझ्या जिजाजींना बिनमातीचं काम का पटलं, तुला ठाऊकच आहे. माती नाही म्हणजे नांगर नाही, किडामुंगी मरायची भीती नाही. ट्रेमध्ये नारळाचा भुसा आणि कोळशाचा चुरा, बस्स. कोळसा ओल धरून ठेवतो. आता कोळसा पाडणं आपल्यात वर्ज्य, हे मी बोलले. तर म्हणाले, "विकायचा थोडाच आहे? रोपांनाच घालायचाय." यांच्यापुढे कोण जिंकलंय!

चैत्रात बांधावरची जुनी बाभूळ पडली, तिचीच लोखंडी पिंपात कोळशाची भट्टी लावली. एखादी मुंगी जळायला नको म्हणून यांनी एकेक ओंडका लोकरीच्या पुंजणीने हळुवार झाडून घेतला. शेजारचा म्हस्कू मेंढ्या थांबवून बघत होता. म्हणाला, "शेठ, वरनं झाडताय खरं, पन ह्यो मोठा आतनं पोकळ हाय. बुडाला वारूळ व्हतं."

हे हसले आणि पिंपाचं झाकण लावलं. आतून बराच वेळ करकर येत होती. मग थांबली.

आता ट्रेमधून तशीच करकर येते. बारीक, कागद कुरतडल्यासारखी. भुसा चाळून पाहिला, एक मुंगी सापडली नाही. पण कोळशाचे खडे फोडले की आतून ताजे पोखरलेले निघतात. यांनी संवत्सरीचा उपवास अजून सोडला नाही. ट्रेपुढे हात जोडून बसतात, पाणीही घेत नाहीत. मी सगळ्यांना सांगत होते की यांना भास होतात. नीलम, मलाही ऐकू येतं गं. मला फार भीती वाटते.

आषाढात संयमच्या खोलीसाठी गुलाबाची कुंडी पाठवली होती ना? तिच्यात हाच कोळसा आहे. तेव्हा मला काही ऐकू येत नव्हतं, तुझी शपथ.

उशाशी काहीतरी कुरतडतं असं तो म्हणतो, उंदीर असेल असं तू लिहिलंस. उंदीर नाही.

कुंडी आजच त्याच्याजवळून हलव. फेकू नकोस, जाळू तर मुळीच नकोस. उचलण्याआधी भोवती पुंजणी फिरव. आणि आत जे कोणी असतील, त्यांना आमच्या दोघांचा खमतखामणा सांग.

तुझी,
सज्जनताई