तिच्या तोंडचं 'हो' धरू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणीचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो आहे. माझ्या फुप्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला नीट कळलेलं आहे. आधी माझी पत्नीच जाईल आणि मी मागे राहीन, असं धरून चाललो होतो. म्हणून हा कागद यापूर्वी केला नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात पत्नीला, एकटीला. खालचं दुकान आधीपासून तिच्याच नावावर आहे. तिच्यानंतर सगळं मुलीचं.

२. अर्धांगाच्या झटक्यात पत्नीची उजवी बाजू आणि वाचा गेली. समज शाबूत आहे. हे मुद्दाम नोंदवतो, कारण येणारेजाणारे तिच्याशी मोठ्याने आणि बोबडं बोलतात. एके काळी हिच्यापुढे मला तोंड उघडायची सोय नव्हती. आता तिच्या तोंडून एकच शब्द सुटतो, "हो". होकार असो, नकार असो, रडू फुटलेलं असो, "हो, हो". तिचं खरं उत्तर फळ्यावर असतं. जाड पुठ्ठ्याचा, कापडी पाठीचा तो फळा मी बांधला आहे. त्यावर चित्रं, घरच्यांचे फोटो आणि खाली 'हो' नि 'नाही'. ती डाव्या हाताचं बोट ठेवते. म्हणून घर, पैसा, औषध, कशाबाबतही तिच्या तोंडचं "हो" संमती म्हणून धरू नये. फळा समोर ठेवून विचारावं, मग तोच प्रश्न उलटा करून विचारावा. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते तिचं म्हणणं. तिचं वाक्य आपण पुरं करू नये. ती चिडते, आणि बरोबरच करते.

३. धाकट्या भावाला माझ्याकडून काहीही नाही. मी दवाखान्यात असताना तो हिच्याकडे आला, फळा बाजूला सारला आणि दुकान विकून टाकूया ना, असं विचारलं. वर कागदावर अंगठाही घेतला. मी जाब विचारला तर म्हणतो, "वहिनी स्वतः हो म्हणाली. मी काय खोटं बोलतोय?" खोटं नव्हताच बोलत, तेच तर माझ्या जिव्हारी लागलं. कागद मी फाडला. मी घरी पोचलो तेव्हा ही फळ्यावरच्या 'नाही'वर बोट आपटत बसली होती. हिने फळ्यावरून बोलावलं तरच त्याने यावं.

४. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कातर, सुया, सरसाचं भांडं मुलीला. बांधणीशी तिला घेणंदेणं नाही, पण फळ्याचे कोपरे झिजतात, ते तिलाच दुरुस्त करावे लागतील. हात चांगला आहे, धीर कमी आहे.

५. हे कलम वकिलांना नको होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, नंतर तुमचा फोटो फळ्यावरून काढीन मी. आई सारखी तुम्हाला मागेल, मला नाही बघवणार."

पोरी, काढू नकोस. मी चाललोय हे आईला मी सांगितलं आहे, फळा समोर धरून. किती तरी वेळ तिने बोट कुठेच ठेवलं नाही. तिला जे म्हणायचं होतं त्याचं चित्र होत नाही. मग तिने फळाच ढकलून दिला आणि माझा हात धरला. आम्ही दोघं खूप रडलो. मला मरणाचं एवढं नाही गं, हिला असं मागे ठेवून जायचं, ते सोसवत नाही.

ती माझ्या फोटोवर बोट ठेवेल तेव्हा मला मागत नसेल. मी नाही, हे तिला तुझ्याइतकंच ठाऊक असेल. तिला माझ्याविषयी बोलायचं असेल, माझी गाऱ्हाणी सांगायची असतील, आणि ती पुष्कळ आहेत. तेव्हा "बाबा गेले ना, आई" म्हणून विषय मिटवू नकोस. खुर्ची ओढून घे, फळा धर आणि विचार, "काय केलं होतं बाबांनी?"

वरील मजकूर पत्नीला वाचून दाखवून, सर्वांसमक्ष शुद्धीत सही केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर
सही: (स्वतःची)

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी (सही)
२. पत्नीला फळा वापरायला शिकवणाऱ्या बाई (सही)