रश्मीचा भरलेला डबा

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती

ताण कसा पेलावा हे मी क्लासच्या मुलींना शिकवते. मी! परवा रश्मी उठून म्हणाली, "मॅडम, तुमी सांगतलं तवापासून मी रडलीच नाही." मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

आज होस्टेलच्या काकूंनी मला थांबवलं. "रश्मीचा डबा पाहा. अकोटहून मायनं एसटीनं धाडला, तीन दिवस झाले, तसाच हाय." उघडला तर वांग्याच्या भाजीवर बुरशी.

रडू नका असं मी कधी म्हटलं? नाही म्हटलं. पण टाळ्या न रडण्यालाच वाजवल्या ना? घरातली पहिली पदवीधर म्हणून मलाही अशाच टाळ्या मिळाल्या होत्या.

रश्मी खोलीत हसत बसली होती. त्या हसण्याचीच भीती वाटली. सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का गं?"

तिचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "मॅडम, आता रडलं तं चालते का?"

मी फोन केला, तिची आई उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं येतेय. रश्मी माझ्या खोलीवर, माझ्याच खाटेवर रडून झोपली आहे. डबा घासायचाय. पण तिला सोडून मोरीपर्यंत जायचाही धीर होत नाही.