कपिलेने पास करायचं घर

१ नोव्हेंबर १९५४, सोमवार

गोदूबाईची साखर आज पुन्हा संपली! आमचं घर बघायला माणूस आला की हिची साखर संपते. वाटी हातात, पाय पायरीवर आणि कान सगळे आमच्या घरात. विहीर सामायिक म्हणून कुंपणात दार ठेवलं, ते आता भोवतंय.

आलेला माणूस नेरे गावचा, तुळशीराम. भाताची शेती, स्वतःची बैलगाडी. पोरांना पनवेलच्या शाळेत घालायचंय म्हणून इथे घर हवंय. ह्यांच्याबरोबर परसात बराच वेळ बोलत उभा होता. मी चहा घेऊन गेले तर दोघेही गप्प! काय बोलत होता म्हणून विचारलं, तर हे म्हणतात — विहिरीबद्दल. एवढा वेळ विहिरीबद्दल? तुळशीरामने चहा फुंकून फुंकून प्यायला आणि म्हणाला, "मला पसंद हाय. पन घरवालीनं पास केल्याबिगर नाय."

म्हणजे अजून लटकलेलंच. मुलगा शिमोन तिकडे आपल्या यहुद्यांच्या नव्या देशात, बेरशेबाला वाट बघतोय. सून पहिलटकरीण, तिच्यापाशी आईबाप कोणी नाहीत. जानेवारीच्या विमानात आमची नावं लागलीत. पण घर विकल्याशिवाय हे पाऊल उचलायचे नाहीत, आणि मी एकटी जायची नाही. नातवाच्या वेळी मी इथे पनवेलला बसून गोदूबाईला साखर मोजत राहू काय?

३ नोव्हेंबर, बुधवार

काशिराम चुना मारायला आला. चुन्यात पाणी जास्त घालतो, मी बघितलं. बोलले तर म्हणे, "बाई, सुकल्यावर पांढरंफेक होईल." होईल तेव्हा होईल. मधल्या खोलीत मात्र एकावर एक तीन हात मारून घेतले. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. माझी पोर हन्ना त्या खोलीत गेली. विषमज्वराने. नऊ वर्षांची होती. शिमोनची मॅट्रिकची परीक्षा चालली होती तेव्हा.

असं काही झालेल्या घराला लोक शिवत नाहीत. आधीचं गिऱ्हाईक, तो मिठागरवाला, पाणी मचूळ आहे म्हणून फिरला. मचूळ! अख्खी आळी तेच पाणी पिते. त्याचे कान कोणी फुंकले ते मला पक्कं ठाऊक आहे. कुंपणापलीकडे राहते ती.

ह्यांना बजावून ठेवलंय, गिऱ्हाइकासमोर हन्नाचं अक्षर काढायचं नाही. हे नुसत्या वहाणा सरकवून बाजारात गेले. असा माणूस व्यवहार काय करणार, कपाळ!

५ नोव्हेंबर, शुक्रवार

शब्बाथचा दिवा लावायच्या आत लिहून घेते, मग उद्या संध्याकाळपर्यंत लिहायचं नाही.

तुळशीरामची बायको येऊन गेली. भामा तिचं नाव. काष्टा घातलेली, ठेंगणी, डोळे मात्र घारीचे. विहिरीचं पाणी आधी हुंगलं, मग ओंजळीने प्यायली. प्रत्येक खांबावर बोटांची पेरं वाजवली. चुलीत डोकं घातलं! मी तिच्या मागे मागे. हिला काय शोधायचंय तेच कळेना.

मग मधल्या खोलीत गेली आणि नुसती उभी राहिली. मला राहवेना. मी म्हटलं, "या घरात कधी कोणी गेलेलं नाही हं. म्हातारे सासूसासरेसुद्धा मुंबईला गेले."

तिने विचारलंच नव्हतं.

माझ्याकडे बघितलं तिने. हे खिडकीशी होते, ते पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग भामा म्हणाली, "बरं. रविवार जाऊं द्या, सोमवारी आमची कपिला आनते. ती बसंल तं घर आमचं."

कपिला म्हणजे गाय. घर घ्यायच्या आधी हे लोक गाय आत फिरवतात म्हणे. ती बसून रवंथ करू लागली तर वास्तू चांगली. उंबऱ्यावर अडली तर घर सोडून द्यायचं. वकील बघितले, ओव्हरसिअर बघितले, आता गायीची परीक्षा!

पण गाय मला चालेल. गायीचे कान कोणी फुंकू शकत नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

कंबरडं मोडलं. बाकीच्या घरात फरशी आहे, पण मधल्या खोलीची जमीन अजून मातीची. शेणाने सारवणार होते. मग वाटलं, नको. यांना पनवेलचं घर हवंय, नेऱ्याचं नाही. फिनेल आणलं. दोनदा पुसून काढलं. इस्पितळासारखा वास सुटलाय, माशी फिरकेना! हे दारातून डोकावले आणि नाक धरून हसले. म्हटलं हसा, विमानात बसल्यावर हसा.

गोदूबाईने कुंपणावरून विचारलं, "मिलकाताई, कसली गं एवढी धुलाई?" सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार

झालं वाटोळं.

गाय ओटीवरून नीट आली. स्वयंपाकघरात आली, माझ्या पाटावरचा भोपळा हुंगला. भामा पुढे, तुळशीराम मागे, सगळं छान. मधल्या खोलीचा उंबरा आला आणि कपिलेने चारही पाय रोवले. फुसकारली. भामाने चुचकारलं, तुळशीरामने ढकललं, पण ती मागेच! लोणच्याची बरणी गेली पायाखाली. भामाचा चेहरा पडला. "खोलीत कायतरी हाय वो," एवढंच म्हणाली आणि दोरी धरून चालती झाली.

आणि कुंपणाशी गोदूबाई उभी! मघापासून!

माझं डोकंच फिरलं. तिथे जाऊन म्हणाले, "तूच सांगितलंस ना हिला? मिठागरवाल्यालाही तूच सांगितलंस. आम्ही इथेच कुजावं असं वाटतं ना तुला?" आळीतल्या बायका बाहेर आल्या. गोदूबाई आधी गोंधळली. मग तिला उमगलं मी कशाबद्दल बोलतेय ते. म्हणाली, "हन्नाला मीपण मांडीवर घेतलंय गं." आणि आत निघून गेली. दार लावलं नाही. तिने दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नाटकी आहे. लहानपणापासून नाटकी असणार.

९ नोव्हेंबर, मंगळवार

कुंपणाच्या दाराला खिळे मारून टाकले.

११ नोव्हेंबर, गुरुवार

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

रोज सकाळी ती बांडी मोकाट गाय सालपटं खायला येते. आज भोपळ्याची सालं होती, तिला आवडतात. ओटीपर्यंत आली. मधल्या खोलीचं दार उघडं होतं, वारा तिकडून आला. गायीने नाक वर केलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि सालं सोडून पळाली!

फिनेल. मातीत मुरलेलं फिनेल. हन्नाचा काही संबंध नाही. माझी पोर कोणाला घाबरवायची नाही, मुकं जनावर तर नाहीच. ती गल्लीतली कुत्री उराशी धरून बसायची.

मी इतकी हसले की रडू आलं. ह्यांनी गणू गाडीवानाकडे निरोप दिला, रविवारी पुन्हा गाय आणा म्हणून. येतील का, देव जाणे.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

वरची माती खरवडायला घेतली आणि माझी कंबर धरली. वाकताच येईना. हे कामावर, मिलमध्ये. तेवढ्यात पुढच्या दारातून कोण? गोदूबाई! रस्त्याने वळसा घालून आलेली, डोक्यावर शेणाची पाटी. म्हणाली, "सरक." बस, एवढंच. जमीन खरवडली, नवी माती घालून चोपली, सारवली. कोपऱ्यातली हन्नाच्या खाटेची जागा आली तशी तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

फुकट कोणी करतं का एवढं? विहिरीचा रहाट हवा असेल. नाहीतर माझी पितळी परात. जाताना काहीच मागितलं नाही. त्यामुळे तर जास्तच संशय येतोय.

१४ नोव्हेंबर, रविवार

आले! कपिलेने उंबरा ओलांडला. खोलीत एक फेरी मारली आणि कोपऱ्यात बरोब्बर खाटेच्या जागी बसली. पाय दुमडून, डोळे मिटून, निवांत रवंथ. भामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. तुळशीराम म्हणाला, "झालं, घर पास!" ह्यांच्या हातात नारळ दिला.

हे हसले. मीही हसायला हवं होतं. मी चहाचं निमित्त करून आत गेले. चूल फुंकत बसले, लाकडं चांगली कोरडी असून.

पास झालं. जानेवारीत जाणार. सुनेजवळ वेळेवर पोचणार. मग असं चोरी केल्यासारखं का वाटतंय? त्या भल्या बाईच्या तोंडावर मी म्हटलं, इथे कोणी गेलं नाही. म्हणजे इथे कोणी नव्हतंच.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी भामा एकटीच आली. मधल्या खोलीत बसली, मलाही बसवलं. म्हणाली, "बाय, पोरीचं नाव काय व्हतं?"

म्हटलं, गोदूबाईने सांगितलं ना? "नाय वो. तुमच्या मालकांनी. पयल्याच दिशी, परसात. आमच्या ह्यांना म्हनाले, घर द्याचं तं खोटं बोलून नाय द्याचं. आनि वर्साला एकदा कबरीवरचं गवत काढा, बाकी मागनं नाय." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हनून तं गाय आनली. पोर सुखात हाय का नाय, येवढंच बघाचं व्हतं. नाव तेवढं त्यांना सांगाया जमलं नाय."

मी नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. मग भामानेही म्हणून बघितलं, तिच्या बोलीत.