तिसऱ्या रांगेतलं हसू

१२ मार्च, गुरुवार

पडला! भोंगा पडला!

सकाळपासून बाबा टीव्हीसमोरून हलले नाहीत. आईने चहा दोनदा गरम केला, दोनदा तो गार झाला. दुपारी निवडणुकीचा निकाल पक्का झाला तसे बाबा चक्क खुर्चीवर उभे राहिले (त्या गुडघ्यांनी!) आणि हसले. त्यांचं ते हसू म्हणजे हातपंप. आधी दोन कोरडे खाटखाट, मग पाणी लागल्यासारखं धो धो, आणि शेवटी एक उचकी. भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "कळलं, कळलं! आम्हीपण टीव्ही बघतोय!"

उभा जन्म बाबांनी मास्तरांच्या पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. आज भोंग्याच्या जागी मास्तर देशाचे प्रमुख झाले. बाबांचे डोळे भरून आले होते. मलाही फार बरं वाटलं, नाचलेसुद्धा.

मग भांडी विसळताना डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! भोंगा गेला, म्हणजे माझं काय? आठ वर्षं टीव्हीवर दर शनिवारी मी त्याचीच तर टिंगल लिहितेय. माझं घर त्याच्या मूर्खपणावर चाललंय.

१३ मार्च

नकल्याचा फोन. आमच्या कार्यक्रमात भोंग्याची नक्कल करतो तो. रडकुंडीला आलेला. "अगं, मी आता आवाज कुणाचा काढू? मास्तरांना आवाजच नाही!"

खरंय. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असावं तसं हळू बोलतात मास्तर.

१५ मार्च

एक विनोद सुचला नाही. खिडक्या पुसल्या. सगळ्या.

१९ मार्च, गुरुवार

नव्या राज्यातलं पहिलं रेकॉर्डिंग. गुरुवारी प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग, शुक्रवारी कापाकापी, शनिवारी प्रक्षेपण. तेवढं तरी बदललेलं नाही.

आधी भोंगा घेतला. हरलेला भोंगा, घरात बायकोपुढे भाषण ठोकतोय. दोन महिन्यांपूर्वी लोकांनी बाकं बडवली असती. आज? "च् च्!" पहिल्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "जाऊ द्या ना आता त्याला, बिचारा." बिचारा! भोंगा!! नकल्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग मास्तर. मंत्र्यांची हजेरी घेतायत, उशिरा येणाऱ्याला बाकावर उभं करतायत. लिहितानाच मला कळत होतं की हे शिळं आहे. कुणी हसलं नाही. पण लोक प्रेमाने बघत होते, हे जास्त वाईट. पोटच्या पोराचं गॅदरिंग बघावं तसं!

"काळजी नको," आवाजाचं काम बघणारा कानसेन म्हणाला, "डब्यातलं घालतो." डबा म्हणजे जुन्या भागांतलं साठवलेलं हसू. कुठे विनोद अळणी वाटला की चिमूटभर टाकायचं. सगळेच टाकतात.

२१ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहितानाही हसू आवरत नाहीये!

आम्ही तिघं टीव्हीसमोर. पडद्यावर मास्तरांनी शिक्षणमंत्र्यांना बाकावर उभं केलं आणि टीव्हीतून आवाज आला, खाटखाट, धो धो, उचक्!

बाबा गप्प बसले होते. तोंडात बिस्कीट. आईने बाबांकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, परत बाबांकडे.

"मी नाही!" बाबा बिस्किटासकट म्हणाले. "मी याला हसलोच नाही!"

भोंग्याच्या काळात बाबा दर गुरुवारी रेकॉर्डिंगला यायचे. तिसरी रांग, कडेची खुर्ची. भोंग्यावर हसलेलं त्यांचं हसू डब्यात जाऊन बसलं होतं. कानसेनाने उचललं आणि ठेवलं थेट मास्तरांच्या पायाशी. मी सोफ्यावर आडवी पडून हसले. बाबा आतल्या खोलीत निघून गेले.

२२ मार्च, रविवार

हसण्यावारी न्यायला नको होतं.

बाबा पक्षाच्या कार्यालयातून आले ते लाल होऊनच. तिथे सगळ्यांनी हसू ओळखलं. "काय हो, सत्ता आली नाही तोच मास्तरांना हसायला लागलात?" एकजण तर म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" थट्टेतच म्हणाला म्हणे. पण बाबांना लागलं.

"माझं हसू काढून टाक तिथून," मला म्हणाले. त्यानंतर अबोला. जेवताना आईमार्फत व्यवहार. "तिला सांग, मीठ इकडे सरकव."

आईने मीठ सरकवलं आणि तोंडही उघडलं. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! भोंग्यावर गडाबडा लोळलात, त्याला काय घरदार नव्हतं?"

"भोंगा वेगळा."

"कसा वेगळा?"

बाबांनी बराच विचार केला. "तो वाईट होता."

"बरं," आई म्हणाली. "अजून भाजी हवी का?"

२४ मार्च

कानसेनाने दिवसभर बसून बाबांना डब्यातून वेचून काढलं. मग उरलेलं ऐकवलं. एक खोकला. दोन बायकांचं तोंडावर रुमाल धरून हसणं. कुणीतरी "अहो" म्हणतंय. संपलं.

"बघ," तो म्हणाला, "सुरुवात दर वेळी तुझे बाबाच करायचे. ते हसले की बाकीचे त्यांच्या हसण्याला हसायचे."

मला वाटत होतं, लोक माझ्या लिहिण्याला हसतायत! फार वाईट वाटलं. कानसेनाने चहा मागवला.

२६ मार्च, गुरुवार

दुसरं रेकॉर्डिंग. पहिल्यापेक्षा गार.

त्यात मास्तरांच्या कचेरीतून पुष्पगुच्छ! "आपला कार्यक्रम आम्ही सहकुटुंब बघतो. अशीच टीका करत राहा." आमच्या निर्मातीबाईंनी तो गुच्छ मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरला. "भोंगा नोटिसा पाठवायचा ते बरं होतं गं. नोटीस चौकटीत लावता येते. फुलांचं काय करू?"

मग दार लावून नीट बोलल्या. चॅनेलला आमच्या वेळेत प्रश्नमंजूषा हवी आहे. पुढच्या आठवड्याचा भाग शेवटची संधी. "एक विनोद दे. मास्तरांवर. त्यांचीच माणसं हसतील असा. नाहीतर आवरायचं."

नकल्या, कानसेन, बाई, मी. चौघांचं पोट एका विनोदावर. म्हणे, तू सहज लिहितेस!

२७ मार्च

काही नाही.

२८ मार्च

भोंग्या, परत ये रे बाबा!

(हे पान कुणाच्या हाती लागलं तर घराबाहेर काढतील.)

२९ मार्च, रविवार

अबोला सुटला! गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. चादरीची दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे, मग बोलावंच लागतं.

मी म्हटलं, "मास्तर बैठकीत कसे असतात हो?" सहज म्हटलं. आईशप्पथ, सहज.

बाबा खुलले. कार्यालयाच्या दाराला रंग कुठला द्यायचा याची बैठक सांगितली. मास्तरांनी एकेकाचं मत विचारलं. प्रत्येकाला चहा. प्रत्येकाचं म्हणणं पेन्सिलीने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, "असंच म्हणालात ना?" म्हणून विचारलं. कुणी हिरवा, कुणी तपकिरी, बाबा पांढरा. अख्खी दुपार गेली. शेवटी मास्तरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "छान चर्चा झाली. म्हणजे एकमताने निळा."

"निळा कुणी म्हटलं होतं?"

"कुणीच नाही!" बाबा कौतुकाने म्हणाले. "निळा डबा सकाळीच आणून ठेवला होता. पण एकालाही दुखावलं नाही बघ! बाहेर पडताना आम्हाला वाटत होतं, निळाच म्हटलं असेल आपण."

चादर माझ्या हातातून सुटली. परत झटकायला लागली.

थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "मला अजून वाटतं, पांढराच बरा दिसला असता."

३० मार्च

लिहून झालं. एका बैठकीत! देशाच्या दाराचा रंग ठरतोय. सगळे मंत्री, प्रत्येकाचं मत, प्रत्येकाला चहा, पेन्सिल, घडी, खिसा.

चांगलं झालंय. मला कळतं चांगलं झालं की. पाठीला रग लागली तरी उठवत नाही.

३१ मार्च, मंगळवार

बाबांना वाचून दाखवलं. मीच मास्तर झाले. आवाज खाली, मान तिरकी.

हिरव्याला त्यांचे ओठ हलले. तपकिरीला चष्मा काढला. "म्हणजे एकमताने—" एवढंच म्हणाले मी, आणि खाटखाट, धो धो! आई हातातला झारा घेऊन धावत आली. बाबा मांडीवर थापा मारत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि उचकी एक नाही, तीन! कितीतरी दिवसांनी ऐकलं ते हसू. डब्यातलं नाही, ताजं. मला रडू आलं.

मग त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"कुणी सांगितलं गं तुला हे?"

"तुम्हीच की. गच्चीवर."

बाबा हळू म्हणाले, "त्या बैठकीला आम्ही सहाच जण होतो, बाळा."

पुढचं मला समजलं. सहातले एक मास्तर. राहिलेल्या पाचांत ज्याची मुलगी टीव्हीसाठी लिहिते असा एकच. सगळं आयुष्य ज्या माणसांत गेलं, त्यांनी उद्या तोंड फिरवलं तर या वयात बाबांनी जायचं कुठे?

"दाखवू नकोस" असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "बघ बाई. तुझं काम आहे." आणि चहा तसाच ठेवून उठले.

२ एप्रिल, गुरुवार

काय झालं म्हणून सांगू!

नकल्याने आवाज काढलाच नाही. नुसती कागदाची घडी घातली, सावकाश, बोटाने कडा दाबत. लोक फुटले! तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती, कुणी सुरुवात करून द्यायला नव्हतं, तरी फुटले. छातीवर मास्तरांच्या पक्षाचा बिल्ला लावलेला एक गृहस्थ डोळे पुसत होता. बाईंनी मला मिठी मारली. नकल्याने कानसेनाला उचललं.

मी सगळ्यांबरोबर हसले. आणि मनात सारखा तो गार झालेला चहा.

३ एप्रिल, शुक्रवार

काढून टाकलं.

आमच्याकडे शेवटची कात्री लेखकाची. बाईंनीच पहिल्या दिवशी घालून दिलेला नियम. भोंग्याची माणसं दटावायला आली की "माझ्या हातात काही नाही" म्हणून मोकळं होता यावं म्हणून. आज तीच कात्री बाईंवर चालवली.

"वरून फोन आला का?" कानसेनाने विचारलं.

"नाही."

"मग? वकील दारात उभे होते तेव्हा तू एक ओळ काढू दिली नव्हतीस!"

"लांबी जास्त होतेय," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्या जागी जुना भोंगा चिकटवला.

बाई चिडल्या नाहीत. चिडायला हवं होतं. "तुझी कात्री," एवढंच म्हणाल्या. "प्रश्नमंजूषावाल्यांना कळवते मग." नकल्याला फोन करायचा धीर झाला नाही.

पण घरी येताना हलकं वाटत होतं, हेही खरं. कार्यक्रम काय, दुसरा मिळेल. बाबा एकच आहेत. त्यांना काही बोलले नाही. उद्या बघतील, तेव्हा कळेलच. जीव भांड्यात पडेल त्यांचा.

४ एप्रिल, शनिवार

घरी पोचायला उशीर झाला. दारात चपलांचे चार जोड जास्त. आत शेजारून आणलेल्या खुर्च्या, आणि त्यांवर बैठकीतले ते चौघं. बाबांनी मुद्दाम बोलावलेले. "आमच्या पोरीने मास्तरांना काय बरोबर पकडलंय बघा! आणि सांगितलं कुणी? मी सांगितलं!" अर्धा कार्यक्रम होऊन गेला होता. मी उंबऱ्यातच थांबले. शेवटची नावं वर सरकून गेली, जाहिरात लागली, तरी बाबा खुर्चीच्या कडेवर तसेच पुढे झुकून बसलेले.

"संपलं?" त्यांनी मला विचारलं.