डिस्क ब्रेकची पांढरी गाडी आणि माझ्या जाऊबाई

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

मी, श्रीमती सुलभा लक्ष्मीकांत खेर्डेकर, वय ६६, शिक्षण मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे, राहणार देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यातून उठले तर हा कागद कपाटात राहील, नाही उठले तर वाचावा. वकिलांनी मजकूर करून दिला होता, पण त्यात गाडीला एकच ओळ होती, म्हणून सगळा पुन्हा लिहिला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर निम्मे माझे व निम्मे माझ्या थोरल्या जाऊबाई श्रीमती पंचफुला यांचे आहे. माझा निम्मा हिस्सा मुलगा चि. सोहम याला. जाऊबाई आहेत तोवर मधे भिंत घालू नये. तुळस अंगणाच्या माझ्या बाजूला आहे, ती तिथेच राहील. त्यांनी दोनदा सरकवली, मी दोनदा परत आणली.

२. माझ्या पाटल्या व मंगळसूत्र नात चि. ओवी हिला. देवघरातील सर्व मूर्ती सोहमच्या घरी न्याव्यात, पण रोज पूजा होणार असेल तरच. होणार नसेल तर बालाजीच्या देवळात पुजाऱ्यांना विचारून द्याव्यात. कपाटात देव ठेवायचे नाहीत.

३. डिक्कीतील जॅक, पाने, व गाडीची इतर हत्यारे आमची गाडी दुरुस्त करणाऱ्या ज्ञानेश्वर मिस्तरी यास. म्हणूनच त्याला साक्षीदार केलेले नाही, वकील म्हणाले चालत नाही.

४. आता गाडी. पांढरी, चार दारांची, मागे डिक्की, सन १९९४ ची. आमच्या ह्यांनी १९९७ मध्ये जुनी घेतली. ह्यांच्या पश्चात ती माझ्या नावे झाली असून पासिंग २०२९ पर्यंत आहे. तिची वाटणी लिहिण्याआधी काही गोष्टी लिहिणे भाग आहे, नाहीतर सोहम म्हणेल आईने हे काय करून ठेवले.

गाडी आली त्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "मागं बसलं की मले मळमळते." झाले. त्या दिवसापासून हे जाईपर्यंत बावीस वर्षे जाऊबाई पुढे, ह्यांच्या शेजारी, आणि मी मागे डाव्या खिडकीशी, मांडीवर डबा. मोठ्या भावजींच्या मागे त्या एकट्या राहिल्या होत्या, मूलबाळ नाही, हे मला कळत होते. तरी हे रस्त्यात काही दाखवायचे ते त्यांना. "वहिनी, ते पाहा बगळे." मला बगळे मागून दिसायचे, पण मला कोणी पाहा म्हणत नसे. दोघांत वावगे काही नव्हते, हे मी देवापुढे लिहिते. वावगे असते तर भांडता आले असते.

माझे माहेर नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी. म्हणजे बुलढाण्यानंतर घाट उतरणे आले. या गाडीला पुढच्या चाकांनाही जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. उतारावर ते तापत आणि पेडल मऊ पडे. २००१ च्या उन्हाळ्यात घाटात पेडल पार खाली गेले. जळका वास सुटला. ह्यांनी गिअर पाडून, हात-ब्रेक ओढून गाडी मुरुमाच्या ढिगात घातली. थांबल्यावर ह्यांनी आधी शेजारी विचारले, "वहिनी, लागलं नाही ना?" मग मागे वळून मला विचारले, "डबा सांडला का?"

त्या दिवसापासून मी ब्रेक बदला म्हणत होते. हे म्हणायचे, "तुला पाळण्यातही भीती वाटेल." त्याच महिन्यात मी बालाजीला नवस बोलले की गाडीचे ब्रेक चांगले होईपर्यंत चहात साखर घेणार नाही. सात वर्षे बिनसाखरेचा चहा प्याले. पाहुण्यांनी डायबेटीसचे पथ्य सांगितले, तेही ऐकून घेतले. २००८ मध्ये एका सकाळी हे गाडी ज्ञानेश्वरकडे घेऊन गेले आणि चार दिवसांनी पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क बसवून, ब्रेकचे तेल ढकलणारा मोठा मास्टर सिलिंडर आणि पेडलाला जोर देणारा बूस्टर घालून आले. सामान त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचे, जालन्याच्या भंगार बाजारातून निवडून आणलेले. मी देवळात पेढे वाटले. देवाने माझे ऐकले म्हणून सतरा वर्षे सांगत आले.

मागच्या आठवड्यात या कागदासाठी गाडीत काय काय बसवले ते विचारायला ज्ञानेश्वरला बोलावले. सांगता सांगता तो म्हणाला, "काकू, साहेब तर ऐकतच नव्हते. मोठ्या काकू आल्या होत्या माझ्या ग्यारेजवर, रिक्षा करून."

मी म्हटले, "कोण? आमच्या जाऊबाई?"

"हाव. म्हणे, मिस्तरी, सांगून दे त्याले, पुढं डिस्क बसत नाही तोवर मी या गाडीत पाय ठेवत नाही. मी म्हटलं, तुम्हाले भेव वाटते का? तर म्हणे, मले कायचं भेव? धाकटी मागं बसून घाटभर डोळे मिटते. तिचं कोणी ऐकत नाही. मी साहेबांले तसा निरोप धाडला, तर संध्याकाळी साहेब गाडी कधी आणू म्हणून विचारायले हजर."

हे ऐकून माझा राग जायला हवा होता. गेला नाही, वाढला. सात वर्षे मी बोलले ते वारा होता. त्या एकदा बोलल्या आणि ब्रेक बदलले. माझी भीतीसुद्धा त्यांच्या तोंडून गेली तेव्हा ह्यांना ऐकू आली. आणि बालाजीबद्दल तक्रार नाही, देव कोणाच्याही तोंडून काम करून घेतो असे कीर्तनात ऐकले आहे. पण देवाला आमच्या घरात दुसरे तोंड सापडले नाही का?

तो गेल्यावर मी जाऊबाईंना विचारले, "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तू पेढे वाटत होती. मी काऊन देवाच्या मधे येऊ?"



५. २०२२ पासून जाऊबाईंना दर मंगळवारी व शुक्रवारी जालन्याला डायलिसिसला न्यावे लागते. एस.टी. आहे, पण त्यातून उठलेल्या बाईला स्टँडवर उभे राहवत नाही. म्हणून मी त्रेसष्टाव्या वर्षी ज्ञानेश्वरकडून गाडी शिकले. ब्रेक जुने असते तर शिकले नसते. त्या अजूनही पुढेच बसतात. आजवर एकही फेरी चुकलेली नाही. मी गेल्यावर काय, हा प्रश्न आहे. सोहम फोनवर म्हणाला, "आई, ती गाडी भंगारात दे."

मी म्हटले, "अरे, तिला डिस्क आहेत."

"डिस्क आहेत गं, पण त्यांच्याभोवती गाडी कुठं आहे?"

पुण्यात राहून त्याला विनोद सुचतात.

तरी लिहिते: गाडी सोहमला नाही. ती जाऊबाई श्रीमती पंचफुला यांना त्यांच्या हयातीपर्यंत वापरण्यास दिली आहे, विकण्यास नाही. त्यांच्यानंतर सोहमने काय ते करावे. गाडी श्री. दीपक, एस.टी.चे निवृत्त चालक, चालवतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. माझ्या मुदत ठेवीचे व्याज त्यांचा पगार, पेट्रोल व गाडीची देखभाल यांवर खर्चावे, मुद्दल सोहमचे. पुढचे ब्रेक पॅड दर सहा महिन्यांनी काढून पाहावेत, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. पेडल जरा मऊ लागले तरी गाडी त्याच दिवशी ज्ञानेश्वरकडे न्यावी, उद्यावर टाकू नये.

६. हे कलम काल रात्रीपर्यंत नव्हते. वरचा मजकूर आज सकाळी जाऊबाईंना वाचून दाखवला, कारण गाडी त्यांची होणार. त्या हसल्या. म्हणाल्या, "येडी हाय तू. एवढं कायले लिहून राह्यली? मीच जाईन आधी. भाऊजी वाट पाहत असतील."

भाऊजी म्हणजे आमचे हे. मी म्हटले, "तुमची कशाला वाट पाहतील?"

"मंग कोणाची पाहतील? दोघींची पाहतील. जी आधी पोचंल तिच्याशी बोलतील."

म्हणून मी पुढील गोष्ट अट म्हणून, सही करून, लिहीत आहे. शस्त्रक्रियेत मी गेले तर जाऊबाईंची जालन्याची एकही फेरी चुकता कामा नये. पाऊस असो, बंद असो, घरात लग्न असो किंवा माझा तेरावा असो, मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी निघालीच पाहिजे. त्या नको म्हणाल्या तरी दीपक यांनी त्यांना उचलून बसवावे. डॉक्टर जी गोळी देतील ती द्यावी, मीठ चोरून खातात त्यावर लक्ष ठेवावे. त्यांना जितकी वर्षे जगवता येईल तितकी जगवावीत. बालाजीला माझा नवाच नवस आहे, त्यांना नव्वद वर्षे पुरी होऊ देत. आता त्या चौऱ्याहत्तर आहेत. तेवढी सोळा वर्षे मला ह्यांच्याशी एकटीला बोलायचे आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, बरोबर आहे. जे लिहिले ते मनापासून लिहिले. खाली दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

सही: सुलभा लक्ष्मीकांत खेर्डेकर

साक्षीदार १: श्रीमती तानाबाई, निवृत्त शिक्षिका, शेजारी (सही)
साक्षीदार २: श्री. प्रज्वल, औषध दुकानदार (सही)

ठिकाण: देऊळगाव राजा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५